कोर्टाआधीचे वळण

१९८८ साली माझ्या एका वर्गमित्राने सीताबर्डीच्या बाजारातून सायकल पळवली. दुसऱ्याच दिवशी ती मालकाला परत मिळाली. मित्राला सोळा पूर्ण होऊन जेमतेम दोन महिने झाले होते. तेव्हाच्या १९८६ च्या बाल न्याय अधिनियमात मुलांसाठी सोळा हीच मर्यादा होती. म्हणून तो मोठ्यांच्या कोर्टात उभा राहिला. दोन वर्षे तारखा पडत राहिल्या. शेवटी सुटला, पण तोवर बारावी हुकली होती आणि वस्तीत ‘चोर’ हे नाव चिकटले होते. मी वकील नाही. सायकलीपेक्षा शिक्षा मोठी का झाली, हे समजून घेण्यासाठी कायदा वाचू लागलो.

या प्रश्नाचे एक उत्तर म्हणजे ‘डायव्हर्जन’. मुलाला खटल्याकडे न नेता समज, समुपदेशन, भरपाई किंवा समाजसेवा या वाटेने न्यायचे. संयुक्त राष्ट्रांच्या १९८५ च्या बीजिंग नियमांत ते आले. समाजसेवेसारख्या वाटेला मुलाची किंवा पालकांची संमती हवी, अशी अटही त्यांत आहे. मराठीत याला ‘वळण’ म्हणावे. वळण रस्त्याला असते, तसे मुलालाही लावावे लागते.

आपल्याकडे २००० च्या कायद्याने वयोमर्यादा सर्वांसाठी अठरा केली. २०१५ च्या कायद्याच्या कलम ३ मध्ये हे वळण तत्त्व म्हणून नोंदले आहे. २०१६ च्या केंद्रीय आदर्श नियमांनुसार, गुन्हा अतिगंभीर नसेल आणि प्रौढांसोबत केलेलाही नसेल, तर एफआयआर नोंदवायचा नाही. पोलिसांनी ठाण्याच्या दैनंदिनीत नोंद करायची आणि मुलाचा सामाजिक पार्श्वभूमी अहवाल बाल न्याय मंडळाकडे पाठवायचा. मंडळात एक दंडाधिकारी आणि दोन समाजकार्यकर्ते, त्यांत किमान एक स्त्री. समज देणे, गटसमुपदेशन, समाजसेवा, चांगल्या वर्तणुकीच्या हमीवर सोडणे, असे पर्याय मंडळापुढे असतात. किरकोळ गुन्ह्याची चौकशी चार महिन्यांत, वाढवून सहा महिन्यांत संपली नाही, तर प्रकरणच संपुष्टात येते.

म्हणजे मुलगा मंडळापुढे जातोच. आपले वळण फौजदारी खटल्यापासूनचे आहे, सर्वच प्रक्रियेपासूनचे नाही. मंडळाकडे न जाता प्रकरण कसे मिटवावे, याची सविस्तर पद्धत कायद्यात नाही.

सामान्य वाचकाला हा कायदा ठाऊक झाला तो मे २०२४ मधील पुण्याच्या कल्याणीनगर अपघाताने. दोन तरुण अभियंते गेले आणि मंडळाने अल्पवयीन चालकाला जामीन देताना ३०० शब्दांचा निबंध लिहिण्याची अट घातली. लोक संतापले, ते स्वाभाविकच होते. पण ती जामिनाची अट होती, आणि प्रकरण दोन मृत्यूंचे होते. त्या निबंधाची थट्टा सायकल पळवणाऱ्या पोराच्या वाट्याला येऊ नये, एवढेच माझे म्हणणे.

कारण वळण म्हणजे सोडून देणे नव्हे. त्याला माणसे लागतात. घरी जाऊन मुलाची परिस्थिती पाहणारा परिवीक्षा अधिकारी लागतो आणि संध्याकाळी त्याने जावे अशी जागाही लागते. नागपुरात हिस्लॉप कॉलेजचे क्रीडाशिक्षक विजय बारसे यांनी २००१ मध्ये झोपडपट्टी फुटबॉल सुरू केले. नागराज मंजुळे यांच्या ‘झुंड’ने (२०२२) ते सर्वदूर पोहोचवले. तो कायद्याचा उपक्रम नव्हे. पण मंडळाने ‘समाजसेवा’ किंवा ‘गटसमुपदेशन’ लिहिले, तर मुलाला पाठवायचे कुठे, याचे उत्तर अशा मैदानांतच आहे. मैदान नसेल, तर आदेश कागदावर राहतो आणि पोरगा पुन्हा चौकात उभा दिसतो.

माझ्या मित्राचा गुन्हा आज घडता तर एफआयआर झाला नसता. नोंदही, अपिलाची मुदत संपल्यावर, नियमानुसार नष्ट झाली असती. कायदा एवढा पुढे आला आहे. ‘चोर’ म्हणणारी वस्ती, म्हणजे आपण, किती पुढे आलो, हे ज्याने त्याने आपल्या गल्लीत पाहावे.