रक्तगट वेगळा, म्हणून मूल परकं?

"बाई, पप्पांचा रक्तगट ए, मम्मीचा बी. मग माझा ओ कुठून आला?"

दहावीला आनुवंशिकतेचा धडा सुरू झाला की हा प्रश्न हमखास येतो. वर्गात नाही, मधल्या सुट्टीत, एकटीने येऊन. मी खडकीतल्या मुलांना अर्धवेळ शिकवते. पदवी माझी बी.ए.ची, पण या धड्यावर मुलं जे विचारतात ते पुस्तकातलं नसतंच मुळी, घरातलं असतं. कुणा काकाने थट्टेत म्हटलेलं असतं, "तुला दवाखान्यात बदलून आणलंय." मुलीपुरती असते तोवर ही थट्टा खपते. पण हीच कुजबुज कधी तिच्या आईच्या चारित्र्यापर्यंत जाऊन पोचते. म्हणून भगिनींनो, हा हिशेब मुलांच्या आधी आपण आयांनी समजून घेतलेला बरा.

प्रत्येकाजवळ रक्तगटाच्या दोन चिठ्ठ्या असतात, एक आईकडून आलेली, एक वडिलांकडून. शास्त्रात त्यांना जनुकं म्हणतात. ए आणि बी या चिठ्ठ्या बोलक्या, ओ मुकी. ए-सोबत ओ असली तर तपासणीत ए-च दिसतो, ओ गप्प बसून राहते. आता वडिलांकडे ए आणि ओ, आईकडे बी आणि ओ असल्या आणि दोघांकडून नेमकी ओ-च मुलीच्या वाट्याला आली, तर मुलगी ओ गटाची होणार. त्यात नवल काहीच नाही. अशा जोडप्याला ए, बी, एबी, ओ या चारही गटांची मुलं होऊ शकतात. आई-वडील दोघेही ओ असतील तर मुलं ओ. एक एबी आणि दुसरा ओ असेल, तर मुलं ए किंवा बी, म्हणजे दोघांपैकी एकासारखंही नाही!

या नियमालाही अपवाद आहे, आणि तो सापडला आपल्या मुंबईत. केईएम रुग्णालयातले डॉ. वाय. एम. भेंडे आणि त्यांच्या सहकाऱ्यांच्या हाती असे रुग्ण आले, की तपासणीत रक्त ओ-सारखं दिसायचं, पण ओ गटाचं रक्तसुद्धा त्यांना जुळेना. हा शोध १९५२ साली 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात छापून आला आणि जगभर त्या गटाला 'बॉम्बे' हेच नाव पडलं.

भरतकाम करणाऱ्या आपल्याला हे चटकन कळेल. ए आणि बी म्हणजे दोन रंगांचे दोरे, आणि ज्यावर टाके घालायचे ते कापड म्हणजे एच नावाचा पदार्थ. ओ गटाच्या माणसाकडे कापड असतं, दोरा नसतो. बॉम्बे गटाच्या माणसाकडे कापडच नसतं. मग जवळ ए-चा दोरा असला तरी कशिदा कशावर काढणार? तपासणीत तो दिसत नाही, आणि कागदावर 'ओ' लिहिलं जातं. पण हा न दिसलेला दोरा आई बाळाला देऊ शकते. बाळाला वडिलांकडून कापड मिळतं, आणि त्यावर ए उमटतो. आई ओ, वडील ओ आणि बाळ ए! पुस्तकी नियमाने हे अशक्य, आणि तरी आई त्याचीच आणि बापही त्याचाच.

हा गट आपल्या देशात साधारण दहा हजारांत एकाचा, म्हणजे विरळाच. त्याहून पुष्कळ वेळा कार्डावर गट लिहितानाच चूक झालेली असते. तेव्हा हिशेब जुळला नाही तर संशय घेण्याआधी सगळ्यांची तपासणी चांगल्या रक्तपेढीत पुन्हा करून घ्यावी. पेशी आणि रक्तद्रव दोन्हींची, कारण बॉम्बे गट तेव्हाच पकडता येतो. तसा निघालाच तर भावंडांचीही तपासणी करावी. या माणसांना फक्त बॉम्बे गटाचंच रक्त चालतं, आणि ते बहुधा सख्ख्या भावंडांतच सापडतं.

रक्तगटाच्या कार्डावरचं पॉझिटिव्ह-निगेटिव्हही वाचत जा. आई-वडील दोघे पॉझिटिव्ह असून मूल निगेटिव्ह होऊ शकतं, पुन्हा तीच मुकी चिठ्ठी. आई निगेटिव्ह आणि बाळ पॉझिटिव्ह असेल तर मात्र बाळंतपणानंतर ७२ तासांच्या आत आईला अँटी-डी इंजेक्शन मिळायला हवं. ते पुढच्या बाळासाठी असतं. गर्भपात झाला तरी डॉक्टरांना त्याबद्दल विचारावं.

दुसरा ठरलेला प्रश्न मुलगा-मुलगीचा. आईच्या स्त्रीबीजात नेहमी एक्स गुणसूत्रच असतं. वडिलांकडून एक्स आलं तर मुलगी, वाय आलं तर मुलगा. हे शिकवल्यावर एका मुलाने विचारलं, "मग आजी मम्मीला का बोलते?" याचं उत्तर माझ्याकडे नव्हतं, ते ज्या त्या घरातल्या मोठ्यांनीच द्यावं. गर्भलिंगतपासणीवर देशात पहिला कायदा केला तो महाराष्ट्राने, १९८८ साली. देशभराचा १९९४ चा. गर्भाचं लिंग सांगणंही गुन्हा आणि त्यासाठी तपासणी करवून घेणंही.

केशर-दुधाने बाळ गोरं होतं का, हेही मुली विचारतात. होत नाही. दूध आपलं दूध म्हणून प्यावं.

मामाच्या मुलीशी लग्न केलं तर काय होतं, हा प्रश्न मात्र हसण्यावारी नेऊ नये. एकाच आजी-आजोबांची एखादी सदोष मुकी चिठ्ठी दोघांकडेही असण्याची शक्यता नात्यात वाढते. बॉम्बे गट असाच येतो, आणि थॅलेसेमियाही. पण नात्याबाहेरच्या लग्नातही थॅलेसेमियाची धास्ती असतेच. सिंधी आणि लोहाणा समाजांत त्याचे वाहक जास्त आढळतात, आणि आमच्या खडकीहून लोकलने तीन स्टेशनं पलीकडे, पिंपरीत, फाळणीनंतर आलेली सिंधी कुटुंबं पिढ्यान् पिढ्या राहत आहेत. वाहकाला स्वतःला बहुधा काहीच त्रास नसतो, फार तर थोडा अशक्तपणा. पण नवरा-बायको दोघेही वाहक असले, तर प्रत्येक बाळंतपणात चारांत एक शक्यता अशी, की बाळाला जन्मभर रक्त भरत राहावं लागेल. हिमोग्लोबिन ए-२ या रक्ततपासणीने वाहक कळतो. ती एकदाच करायची असते. लग्न ठरवताना केली तर उत्तम, आणि राहून गेली असेल तर दिवस जाताच, पहिल्याच तपासणीला, डॉक्टरांकडे स्वतःहून मागावी.