प्रतिजैविकांची सामाईक ठेव

सांगलीहून मिरजेकडे जाताना वानलेसवाडी लागते आणि वाईहून पसरणीचा घाट चढून गेले की पाचगणी येते. आज पहिली वस्ती शहरात मिसळून गेली आहे आणि दुसरी तिच्या शाळांसाठी व थंड हवेसाठी ओळखली जाते. परंतु विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात या दोन्ही ठिकाणांची ख्याती क्षयरोग्यांचे आश्रयस्थान अशी होती. मिरजेत १८९४ साली रुग्णालय उभारणाऱ्या डॉ. विल्यम वानलेस यांच्या मिशनने क्षयरोग्यांसाठी वेगळे आरोग्यधाम काढले, तर पाचगणीत डॉ. बिलिमोरिया यांनी १९१२ साली बेल एअर आरोग्यधामाची स्थापना केली. तेथे रोग्याला देण्यासारखे खात्रीचे औषध नव्हतेच. मोकळी हवा, विश्रांती, दूध आणि अंडी एवढाच उपचार. त्यावर ज्याचे शरीर तग धरी तो घरी परते.

हे चित्र पालटले ते १९४३ साली अमेरिकेत सेल्मन वॅक्समन यांच्या प्रयोगशाळेत स्ट्रेप्टोमायसिनचा शोध लागल्यानंतर. १९५४ साली पुण्याजवळ पिंपरी येथे हिंदुस्थान अँटिबायोटिक्स हा सरकारी कारखाना स्थापन झाला आणि पेनिसिलिन देशातच तयार होऊ लागले. क्षयरोग्याने घरी राहून औषधे घेतली तरी आरोग्यधामात राहिल्याइतकाच गुण येतो, हे १९५९ साली मद्रासच्या प्रसिद्ध प्रयोगाने सिद्ध केले. आरोग्यधामांचे युग मावळले. तीन पिढ्या होत आल्या. बाळंतपण, अपेंडिक्सची शस्त्रक्रिया किंवा पायात रुतलेला खिळा यांना लोक पूर्वीइतके भीत नाहीत, याचे बरेचसे श्रेय या औषधांना आहे. ही निर्भयता जणू निसर्गदत्त आहे अशा थाटात समाज वागत आला. ती मुळात उसनी आहे आणि तिची मुदत संपत चालली आहे, हे २०२० नंतरच्या महासाथीने अधिक स्पष्ट केले.

जंतूंचे शहाणपण

औषधाची ‘सवय’ शरीराला होते, असा एक समज रूढ आहे. वस्तुतः बदल शरीरात होत नाही, जंतूंत होतो. कोट्यवधी जिवाणूंत एखादा असा निघतो की त्याच्यावर औषध चालत नाही. बाकीचे मेले की त्याला रान मोकळे सापडते आणि त्याचीच प्रजा वाढते. एवढेच नव्हे, तर हा गुण तो शेजारच्या वेगळ्या जातीच्या जिवाणूलाही देऊ शकतो. म्हणून प्रत्येक अनावश्यक गोळी म्हणजे जंतूंना दिलेला एक धडाच होय. पेनिसिलिनचा शोध लावणाऱ्या अलेक्झांडर फ्लेमिंग यांनी १९४५ साली नोबेल पारितोषिक स्वीकारताना अपुऱ्या मात्रेच्या या धोक्याचा इशारा दिला होता. १९४८ साली प्रसिद्ध झालेल्या स्ट्रेप्टोमायसिनच्या पहिल्या काटेकोर चाचणीतही अनेक रोग्यांचे जंतू काही महिन्यांतच त्या औषधाला दाद देईनासे झाले होते. म्हणजे औषध आणि त्याचा प्रतिरोध ही जवळजवळ जुळी भावंडे आहेत.

यातून एक गोष्ट निष्पन्न होते. रक्तदाबाची गोळी चुकीची घेतली तर नुकसान घेणाऱ्याचे होते. प्रतिजैविक चुकीचे घेतले तर त्याची किंमत शेजारी, पुढचा रुग्ण आणि अद्याप न जन्मलेले मूल यांनाही मोजावी लागते. प्रतिजैविक ही कोणा एकाची मालमत्ता नसून गावच्या पाणवठ्यासारखी सामाईक ठेव आहे.

महासाथीत काय घडले

करोनाच्या महासाथीत या ठेवीची मोठी उधळण झाली. करोना हा विषाणूचा आजार; प्रतिजैविके विषाणूवर चालत नाहीत. तरीही अ‍ॅझिथ्रोमायसिनचे नाव घरोघरी पोहोचले. औषधविक्रीच्या आकड्यांवरून २०२१ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासाचा अंदाज असा की, जून ते सप्टेंबर २०२० या चार महिन्यांत भारतात प्रौढांसाठीच्या प्रतिजैविकांच्या सुमारे २१ कोटी ६४ लाख मात्रा नेहमीपेक्षा जास्त विकल्या गेल्या. त्यांत एकट्या अ‍ॅझिथ्रोमायसिनच्या ३ कोटी ८० लाख होत्या. ब्रिटनमध्ये सात हजारांहून अधिक रुग्णांवर झालेल्या चाचणीत त्या औषधाचा काहीच लाभ दिसला नाही, हे डिसेंबर २०२० मध्ये जाहीर झाले होते. तरी पुढच्या वर्षीच्या दुसऱ्या लाटेतही तो प्रघात सुटला नाही.

यात डॉक्टरांना सरसकट दोष देणे अन्यायाचे होईल. १९१८ च्या मानमोडीत बहुतेक बळी विषाणूनंतर जडलेल्या जिवाणूजन्य न्युमोनियाने गेले, असे नंतरच्या संशोधनाने दाखविले आहे. तसेच पुन्हा घडेल ही धास्ती निराधार नव्हती. परंतु अनुभव वेगळा आला. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२४ मधील माहितीनुसार, जगभर रुग्णालयांत दाखल झालेल्या करोनाग्रस्तांपैकी केवळ आठ टक्क्यांना जिवाणूंचा जोडसंसर्ग होता. प्रतिजैविके मात्र चारांपैकी तिघांना दिली गेली. भारतातील दहा रुग्णालयांच्या २०२० मधील पाहणीतही १७ हजारांहून अधिक रुग्णांपैकी फक्त ३.६ टक्क्यांना असा दुय्यम संसर्ग आढळला. पण ज्यांना तो जडला त्यांतील निम्म्याहून अधिक दगावले. त्यांना ग्रासणारे जंतू प्रामुख्याने रुग्णालयांत वस्ती करणारे व अनेक औषधांना न जुमानणारे होते. ज्यांना औषधाची गरज नव्हती त्यांनी ते घेतले आणि ज्यांना खरी गरज होती त्यांच्यापुढे औषधच हतबल ठरले, असा हा उलटा न्याय झाला.

महासाथीचा दुसरा घाव क्षयरोगावर बसला. देशात २०१९ साली सुमारे २४ लाख क्षयरुग्णांची नोंद झाली होती. २०२० साली ती १८ लाखांवर आली. रोग कमी झाला नव्हता; तो नजरेआड गेला होता. न सापडलेला रोगी आणि मध्येच तुटलेला उपचार यांतूनच औषधांना न जुमानणारा क्षय फोफावतो.

इस्लामपूरचा धडा

याच भूमीने त्याच काळात दुसरा मार्गही दाखविला होता. मार्च २०२० मध्ये सांगली जिल्ह्यातील इस्लामपुरात बाधितांची संख्या काही दिवसांतच विसाच्या वर गेली आणि साऱ्या राज्याचे लक्ष तिकडे लागले. त्या वेळी ना लस होती, ना खात्रीचे औषध. संपर्कात आलेल्यांचा शोध, त्यांचे विलगीकरण, बाधित भागाची नाकेबंदी आणि घरोघरची पाहणी या जुन्याच उपायांनी ती साखळी तुटली. पुढे रोग जिल्हाभर पसरला, हे खरे. ऑगस्ट २०२१ मध्ये राज्यातील बहुतेक जिल्ह्यांचे निर्बंध सैल झाले तेव्हा सवलत न मिळालेल्या अकरा जिल्ह्यांत सातारा व सांगली हे दोन्ही होते. तथापि त्याने इस्लामपूरचा धडा खोटा ठरत नाही. रोगाला वाटेत अडविणे हे सार्वजनिक आरोग्याचे काम होय; ते काम जेथे ढिले पडते तेथे गोळीवर भार पडतो.

हाच न्याय पाण्याला लागू आहे. सांगलीत शेरीनाल्याचे सांडपाणी कृष्णेत मिसळण्याचा प्रश्न वर्षानुवर्षे गाजत आला आहे. तो केवळ नदीच्या सौंदर्याचा प्रश्न नाही. दूषित पाण्यातून विषमज्वर व हगवण येते, त्यांपाठोपाठ प्रतिजैविके येतात आणि त्या औषधांना सरावलेले जंतू सांडपाण्यातून पुन्हा नदीत जातात. जलशुद्धीकरणावर खर्च झालेला रुपया औषधांच्याच खात्यावर जमा होतो, हे नगरपालिकांच्या अंदाजपत्रकांत दिसले पाहिजे.

शेतीही या चक्राबाहेर नाही. आटपाडीकडच्या दुष्काळी माळावर डाळिंबाने शेतकऱ्याला हात दिला. पण ‘तेल्या’ या जिवाणूजन्य रोगाने बागाच्या बागा उजाड केल्या. त्यावर स्ट्रेप्टोमायसिन व टेट्रासायक्लिन यांच्या मिश्रणाच्या फवारणीची चाल पडली. ज्या औषधाने क्षयरोग्यांना जीवदान दिले तेच झाडांवर शिंपडले जावे, यातील विसंगती मोठी आहे. केंद्र सरकारने डिसेंबर २०२१ मध्ये या वापराच्या बंदीचा मसुदा काढला. त्याआधी २०१९ साली खाद्यप्राण्यांसाठी कोलिस्टिन या औषधाला बंदी घातली. या बंदी रास्तच आहेत. मात्र कर्ज काढून बाग लावणाऱ्याला रोगमुक्त रोपे आणि दुसरा परवडणारा उपाय दिल्यावाचून नुसती बंदी कागदावरच राहते.

कायदा आणि व्यवहार

कायद्याची उणीव आहे असेही नाही. १ मार्च २०१४ पासून अनेक प्रभावी प्रतिजैविकांची विक्री ‘एच-१’ या अनुसूचीखाली आली. दुकानदाराने डॉक्टरचे व रुग्णाचे नाव वेगळ्या वहीत नोंदवून ती वही तीन वर्षे जपावी, असा नियम आहे. २०१६ पासून अशा औषधांच्या वेष्टनावरील तांबड्या रेघेचा अर्थही लोकांना सांगितला जात आहे. पण एका दिवसाची मजुरी बुडविणे ज्याला परवडत नाही तो ऊसतोड कामगार ‘उद्या कामावर जाता येईल असे काहीतरी द्या’ असेच म्हणणार. ज्या डॉक्टरजवळ कल्चर तपासणीची सोय नाही तो अंदाजाने, आणि बहुधा अधिक जालीम, औषध लिहिणार. दोघांचेही वागणे आपापल्या जागी समजण्यासारखे आहे आणि दोघांचे मिळून जे होते ते मात्र घातक आहे.

म्हणून उपाय उपदेशापलीकडे गेले पाहिजेत. मिरज हे वैद्यकाचे जुने केंद्र आहे. तेथे शासकीय वैद्यकीय महाविद्यालय आहे आणि कराडलाही वैद्यकीय महाविद्यालय आहे. तालुक्यातील रुग्णाचा नमुना या प्रयोगशाळांपर्यंत जाईल आणि दोन-तीन दिवसांत उत्तर परत येईल, अशी व्यवस्था अशक्य नाही. कोणत्या जंतूवर कोणते औषध चालते याचा जिल्हावार तक्ता दरवर्षी प्रत्येक डॉक्टरच्या हाती पडला पाहिजे. केरळने २०१८ साली स्वतःचा कृती आराखडा आखून हा विषय राज्याच्या कारभारात आणला. महाराष्ट्राने मागे राहण्याचे कारण नाही. बालकांसाठी २०२१ पासून देशभर उपलब्ध झालेली न्युमोकोकल लस हेही प्रतिजैविके वाचविण्याचेच साधन आहे. जो न्युमोनिया झालाच नाही त्याला औषध लागत नाही.

२०१९ साली औषधांना न जुमानणाऱ्या जिवाणूंमुळे जगात सुमारे १२ लाख ७० हजार माणसे थेट मृत्युमुखी पडली आणि त्यांतील जवळजवळ तीन लाख भारतातील होती, असा अंदाज आहे. या मृत्यूंची रोजची गणती वृत्तपत्रांत छापून येत नाही, त्यांच्यासाठी टाळेबंदी होत नाही. ही साथ आवाज न करता चालते. नवी प्रतिजैविके शोधण्याचे काम मंदावले आहे, कारण जपून वापरायच्या औषधात कंपन्यांना नफा दिसत नाही. तेव्हा जे हाती आहे तेच पुरवून वापरणे भाग आहे. सर्दीपडशावर प्रतिजैविक न मागणारा पालक, चिठ्ठीवाचून ते न देणारा दुकानदार आणि ‘याला औषधाची गरज नाही’ असे सांगण्यासाठी पाच मिनिटे खर्चणारा डॉक्टर हे तिघेही अशा एखाद्या रुग्णाचे प्राण वाचवीत असतात, ज्याला ते कधी पाहणारही नाहीत.