आयर्विन पुलावरचा आकडा आणि छातीतली धडधड

पावसाळ्यात सांगलीकरांचं लक्ष आयर्विन पुलाजवळच्या पाणीपातळीकडे असतं. ४० फूट म्हणजे इशारा, ४५ म्हणजे धोका. परगावच्या माणसाला हे आकडे काहीच सांगत नाहीत. पण ऑगस्ट २०१९ मध्ये पाणी ५७ फुटांच्या वर गेलेलं ज्यांनी सोसलं, त्यांच्यातल्या कित्येकांच्या छातीत नुसतं ‘पंचेचाळीस’ ऐकून धडधडू लागलं तर नवल नाही. पाणी दारात आलेलं नसताना शरीर घाबरतं, कारण भीती मेंदूच्या एका कोपऱ्यात साठवलेली नसते. अनेक भाग मिळून ती त्या त्या वेळी घडवतात. आकड्याचा अर्थ मेंदूचं बाह्यपटल लावतं, हिप्पोकॅम्पस त्याला जुना पूर जोडून देतो, अमिग्डाला धोका ओळखतो आणि हायपोथॅलॅमसच्या हुकमानं मूत्रपिंडांवरच्या ग्रंथी अ‍ॅड्रेनॅलिन सोडतात. तळहाताला घाम फुटतो, पोटात गोळा येतो. शरीरातल्या या उलथापालथीची खबर इन्सुला या भागाकडे परत जाते आणि जीव आणखीच घाबरा होतो.

सातारा जिल्ह्यातल्या कोयनेला ११ डिसेंबर १९६७ च्या पहाटे ४ वाजून २१ मिनिटांनी मोठा भूकंप झाला, तेव्हा आठवण जागी व्हायला किंवा अर्थ लावायला उसंतच नव्हती. अशा धक्क्यात माणूस दचकून उठतो, तो मेंदूच्या देठाच्या जोरावर. आपण घाबरलोय हे त्याला मागाहून कळतं. दोन्हीकडे धडधड तीच, पण तिथवरची वाट निराळी.

अमिग्डाला हेच भीतीचं केंद्र, असं आपण वाचत आलो आहोत, आणि त्याला आधारही आहे. दोन्ही बाजूंचा अमिग्डाला निकामी झालेली, संशोधनात ‘एस. एम.’ म्हणून ओळखली जाणारी अमेरिकन स्त्री सापाला वा कोळ्याला भीत नसे. पण ३५ टक्के कार्बन डायऑक्साइड असलेली हवा हुंगवताच ती भयानं कासावीस झाली. २०१३ मध्ये हा प्रयोग प्रसिद्ध झाला. अमिग्डालाशिवायही भीती उभी राहते, याहून स्पष्ट पुरावा मिळणं अवघड.

मग विचारानं भीती आवरता येते ती कशी, असं कुणी विचारील. कपाळामागचं अग्रपटल अमिग्डालाला लगाम घालतं, हे खरंच आहे. कोयना परिसरात लहान धक्के अजूनही बसतात, आणि दर धक्क्याला तिथलं जगणं थांबत नाही. मात्र हा लगाम म्हणजे नवं शिक्षण. जुनी खूण त्यानं पुसली जात नाही. म्हणून कोयना धरणातून विसर्ग वाढल्याची बातमी आली की पुरात सापडलेल्या माणसाची झोप उडते. त्याला ‘मन घट्ट कर’ एवढंच सांगणं मला अन्यायाचं वाटतं, कारण घट्ट करायला सांगतो त्या मनाला त्या घटकेला हृदय, फुप्फुसं आणि आतडी एकदम संदेश पाठवत असतात.