गंडमाळा की अर्बुद?

बालकाच्या मानेत गाठी दिसल्या की ‘गंडमाळा’ असे निदान करून कांचनार गुग्गुळ सुरू करणे, हा आपल्यापैकी अनेकांचा परिपाठ आहे. पुष्कळदा अशा गाठी घसा, दात वा टाळूच्या त्वचेतील संसर्गाने आलेल्या असतात व काही आठवड्यांत ओसरतात. ज्या ओसरत नाहीत, त्यांच्याकडे आम्ही वैद्यमित्रांचे लक्ष वेधू इच्छितो.

सुश्रुताचार्यांनी ग्रंथी, अपची, अर्बुद व गलगंड यांचे वर्णन निदानस्थानाच्या ११ व्या अध्यायात एकत्रच केले आहे. अपचीच्या गाठी काही फुटतात, काही विरतात, नव्या उद्भवतात. अर्बुद स्थिर असते व पिकत नाही. हा भेद मोलाचा आहे. परंतु क्षयाची गाठही अनेक महिने न पिकता राहू शकते. ज्वर, रात्रीचा घाम व वजन घटणे ही लक्षणे क्षय आणि हॉजकिन लिम्फोमा या दोहोंत आढळतात. छातीच्या क्ष-किरण चित्रातही दोहोंत गाठी दिसू शकतात. कार्ल स्टर्नबर्ग यांनी १८९८ साली सूक्ष्मदर्शकाखाली पाहूनही हॉजकिनचा विकार हा क्षयाचाच प्रकार मानला होता; १९०२ साली डोरोथी रीड यांनी तो स्वतंत्र व्याधी असल्याचे दाखविले. सूक्ष्मदर्शक हाती असताना जिथे गफलत झाली, तिथे केवळ स्पर्शपरीक्षेवर विसंबणे उचित नव्हे.

चूक दोन्ही बाजूंनी घातक ठरते. क्षयाला कर्करोग समजल्यास कुटुंब हवालदिल होते. कर्करोगाला क्षय समजल्यास बालकाचे मोलाचे महिने वाया जातात. वस्तुतः वेळेवर निदान झाल्यास या दोन्ही व्याधींतून बहुतांश बालके बरी होतात.

म्हणून चार ते सहा आठवड्यांत न ओसरणारी, २ सेंटिमीटरहून मोठी, कठीण वा वाढती गाठ दिसल्यास बालकास तज्ज्ञांकडे पाठवावे. गळपट्टीच्या हाडावरील गाठ कितीही लहान असो, तिच्यासाठी वाट पाहू नये. आडवे झाल्यावर श्वास लागत असेल तर त्याच दिवशी रुग्णालयात धाडावे. लिम्फोमाची शंका असता सुईने घेतलेला नमुना अपुरा ठरू शकतो. अखंड गाठ काढून तपासणे श्रेयस्कर. तिचा एक भाग फॉर्मेलिनमध्ये आणि दुसरा, सीबीनॅट व कल्चरसाठी, सलाइनमध्ये पाठवावा. सर्व ऊतक फॉर्मेलिनमध्ये टाकल्यास क्षयजंतूंचे कल्चर करता येत नाही.

औषधालयांच्या चालकांनाही आमची विनंती आहे. स्टिरॉइडने लिम्फोमाची गाठ तात्पुरती विरते आणि निदान झाकोळते; म्हणून चिठ्ठीवाचून ते देऊ नये व भेसळीचा संशय असलेली ‘गुणकारी’ चूर्णे दुकानात ठेवू नयेत. क्षयाची प्रमुख औषधे १ मार्च २०१४ पासून अनुसूची एच-१ मध्ये आहेत. त्यांच्या विक्रीची स्वतंत्र नोंद ठेवणे बंधनकारक आहे.

निदान निश्चित झाल्यावर बालकाचा अग्नी, आहार व बल सांभाळण्याचे कार्य, उपचार करणाऱ्या तज्ज्ञांच्या संमतीने, आपण अवश्य करावे. मात्र ‘रोगमादौ परीक्षेत’ हा क्रम कधीही उलटू नये.