वेळूचें बेट आणि गांवाचा निर्णय

अरण्याचें रक्षण म्हणजे त्यास कुंपण घालून माणसाला बाहेर ठेवणें, अशी नागर समाजाची सामान्य समजूत असते. परंतु उष्ण प्रदेशांतील पुष्कळ अरण्यें माणसांच्या वस्तीसह टिकून राहिलीं आहेत. तेथील आदिवासी त्यांतून रोज कांहीं ना कांहीं नेतात, तरीही वन सरत नाहीं. केव्हां, किती आणि कशा रीतीनें घ्यावें, या जाणिवेंत याचें कारण सांपडतें. गडचिरोली जिल्ह्यांतील वेळू, म्हणजेच बांबू, याचें उत्तम उदाहरण आहे.

वेळू ही गवताच्या कुळांतील वनस्पति होय. तिचा जीव जमिनीखालील कंदांत असतो. पावसाळ्यांत कंदांतून कोंब फुटतात. विदर्भांत त्यांस वास्ते म्हणतात. थोड्याच महिन्यांत कोंबाची पूर्ण उंचीची काठी होते. पुढें ती उंच वाढत नाहीं, केवळ पक्की होत जाते, आणि त्यास दोन-तीन वर्षें लागतात. कोंवळ्या काठ्या कंदाला पोसतात व त्या पोसलेल्या कंदांतून पुढील वर्षाचे कोंब येतात. म्हणून जाणता माणूस चालू व गेल्या वर्षाच्या काठीला हात लावीत नाहीं. पावसाळ्यांत तोड करीत नाहीं. आणि पक्की काठी जमिनीपासून थोड्या उंचीवर, पेऱ्याच्या किंचित् वर छाटतो. अशा तोडीनें बेट मोकळें राहतें व वर्षानुवर्षें उत्पन्न देतें. उलट, मजुरी काठ्यांच्या संख्येवर असली आणि पुन्हा त्या वनांत यावयाचें नसलें, म्हणजे बाहेरच्या कोंवळ्या काठ्या प्रथम पडतात. आंत जुन्यांची गुंतागुंत होते आणि बेट खुरटतें.

मात्र ज्ञान असलें तरी अधिकार नसेल तर तें निरुपयोगी ठरतें. इ. स. १९२७ च्या भारतीय वन कायद्यानें वेळूची गणना वृक्षांत केली होती. ती २०१७ सालीं रद्द झाली. धानोरा तालुक्यांतील मेंढा (लेखा) या गोंडांच्या गांवाभोंवतीं सुमारें १८०० हेक्टर वन आहे. तेथील वेळू तोडण्याचा ठेका सरकारनें कागदाच्या कारखान्यास दिला होता. ज्यांच्या दाराशीं वन, त्यांना त्यांत शब्द नव्हता. वनहक्क कायदा २००६ सालीं झाला, आणि २००९ मध्यें या गांवाला सामूहिक वनहक्क मिळाला. तरीही वेळू बाहेर नेण्याचा परवाना गांवाच्या हातीं नव्हता. अखेर २७ एप्रिल २०११ रोजीं त्या वेळचे केंद्रीय वनमंत्री जयराम रमेश यांनीं गांवीं येऊन परवान्यांचें पुस्तक ग्रामसभेच्या स्वाधीन केलें.

या ग्रामसभेचे निर्णय बहुमतानें होत नाहींत, सर्वानुमतें होतात. एकाचाही आक्षेप असला तर चर्चा पुढें चालते. वेळ अधिक लागतो खरा. परंतु शेंकडों हेक्टर वनावर पहारा ठेवणें कोणालाच शक्य नसतें. तेथें जो नियम प्रत्येकानें आपला म्हणून स्वीकारला असेल, तोच पाळला जातो.

असा अधिकार आल्यावर गांवें वन विकून खातील, अशी भीति अनेकांनीं व्यक्त केली होती. चंद्रपूर जिल्ह्यांतील पाचगांव या गांवानें तिला कृतीनें उत्तर दिलें. वनहक्क मिळाल्यावर तेथील ग्रामसभेनें तेंदूपानांचा धंदाच सोडून दिला. नवी पालवी यावी म्हणून झाडें छाटलीं जात, वनाला आगी लावल्या जात, आणि त्यांत रानाची हानि होई. रोख पैसा हातचा सोडून त्या गांवानें आपली मिळकत वेळूवर ठेवली.

वनांतील रहिवाशी निसर्गतःच निर्लोभ असतात, असा याचा अर्थ नाहीं. आज ओरबाडलेलें बेट उद्यां आपल्याच मुलांना उपाशी ठेवील, हें ज्यांना दिसतें आणि तें थांबविण्याची सत्ता ज्यांच्या हातीं असते, ते सहसा हात आवरतात. डोळे एकाचे आणि सत्ता दुसऱ्याची, अशी फारकत झाली म्हणजे अरण्याला राखणदार उरत नाहीं.