उभ्या सोयाबीनमध्ये ताग

निफाड-येवल्याकडे सोयाबीन निघाल्यापासून उन्हाळ कांद्याची लागण होईपर्यंत रान दोन-अडीच महिने उघडं राहतं. तेवढ्यात तागासारखं हिरवळीचं पीक घ्यायचं तर सोंगणी आणि मशागतीसाठी थांबून चालत नाही. तोवर परतीच्या पावसाची ओल उडते. म्हणून बी उभ्या पिकातच फोकायचं. भंडारा-गोंदियाचे शेतकरी उभ्या धानात लाखोळी अशीच टाकतात. त्याला उतेरा म्हणतात. अमेरिकेत उभ्या मक्या-सोयाबीनवर विमानातूनही बी टाकतात.

सप्टेंबरअखेर सोयाबीनची पानं पिवळी पडू लागली, पण अजून गळाली नाहीत, हीच वेळ. आधी टाकलं तर रोप सावलीत लुळं पडतं. पानगळीनंतर टाकलं तर बी पाल्यावर अडकून सुकतं. वेळ साधली की गळणारी पानंच बी झाकतात आणि ओल धरतात. बियाला चवळी गटाचं रायझोबियम चोळावं. सोयाबीनचे जिवाणू तागाच्या मुळांवर गाठी करत नाहीत. एरवी एकरी 20 ते 25 किलो बी लागतं. इथे जास्त धरा: काही मुंग्या-पाखरं नेतात, आणि दिवस लहान होत गेल्याने ताग लवकर फुलून ठेंगणा राहतो.

सोंगणी विळ्याने करावी. हार्वेस्टरच्या चाकांखाली कोवळी रोपं चिरडतात, आणि शेतात सुडी रचली तर तिच्याखालचा ताग मरतो.

मक्यात बेत वेगळा: तिथे तागाऐवजी चवळी. चवळीचं बी मोठं, ते मातीआड जायलाच हवं; म्हणून पंचवीस-तीस दिवसांच्या मक्यात शेवटच्या कोळपणीआधी टाकायचं. पण तणासाठी अ‍ॅट्राझीन फवारलं असेल तर हा नाद सोडा. चवळी उगवून करपण्याचा धोका मोठा आहे.

ताग फुलावर येताच गाडावा. उशीर झाला की काडी चिवट होते, आणि ती कुजवताना जिवाणू जमिनीतलाच नत्र वापरतात. कांदा पिवळा पडतो. गाडल्यावर ओल द्यावी आणि लागणीआधी किमान पंधरा दिवस जाऊ द्यावेत.

ताग पाणी पितो, हे विसरू नये. कालव्याचं पाणी हमखास मिळणाऱ्या रानात हा प्रयोग जरूर करावा. येवला, चांदवड, सिन्नरच्या पूर्व भागात मात्र आधी विहिरीची पातळी पाहा. कांद्यापुरतंच पाणी असेल तर यंदा चार-सहा ओळींतच ताग टाकून बघा.