वीस मिनिटांचा करंट

सकाळी ७:३०

सोयाबीनच्या काढणीचे दिवस आहेत. या दिवसांत निलंग्यात फिजिओथेरपीचा दवाखाना लवकर उघडावा लागतो, कारण बायकांना शेक घेऊन पुन्हा रानात जायचं असतं. आमच्याकडे अल्ट्रासाउंड असो की करंट, सगळ्याला शेकच म्हणतात.

पहिलं काम यंत्रांचं. प्रत्येक वायर वाकवून बघते. आतली तार तुटली असेल तर बाहेरून कळत नाही आणि ऐन उपचारात पेशंटला झटका बसतो. रबरी पॅड जुने झाले की त्यांतून करंट सारखा पसरत नाही, एकाच जागी टोचतो; असे पॅड बाजूला काढते. स्पंज बोअरच्या पाण्यात भिजवते. त्यातल्या क्षारांमुळे करंट चांगला वाहतो, फिल्टरच्या पाण्यात तितका वाहत नाही. मग दोन पॅड माझ्याच हाताला बांधून नॉब शून्यापासून सावकाश वर नेते. मुंग्या सारख्या आल्या की यंत्र कामाला तयार.

सकाळी ८:३०

अंबुलग्याकडून जीपनं आलेल्या बायका बाकावर बसल्या आहेत. दिवसभर वाकून विळ्यानं कापणी केली की रात्री कूस बदलता येत नाही. "कंबर लई दुखूलालीय मॅडम, वाकलं की सरळ होता येईना."

करंट लावण्याआधी विचारायच्या गोष्टी ठरलेल्या आहेत. कळ पायात उतरते का, पाय बधिर होतो का, पडलात का, ताप येतो का, वजन उतरलंय का. लघवी-संडासवरचा ताबा गेला असेल किंवा पायातली ताकद कमी होत चालली असेल, तर इथं वेळ न घालवता लातूरला पाठवायचं. आज तसं काही नाही. उसण भरली आहे.

कंबरेसाठी आयएफटी लावते, म्हणजे इंटरफेरेन्शियल थेरपी. ही पद्धत ऑस्ट्रियाच्या हान्स नेमेक यांनी १९५०च्या दशकात पुढे आणली. कमी वारंवारतेच्या करंटला कातडी फार अडवते आणि तो वरच्या वर चटचट करतो. वारंवारता सेकंदाला ४,००० च्या आसपास नेली की हा अडथळा बराच कमी होतो. म्हणून एका जोडीतून ४,००० आणि दुसऱ्या जोडीतून ४,१०० असे दोन करंट सोडतात. ते शरीरात एकमेकांना छेदतात आणि दोन्हींतल्या फरकाइतकी, म्हणजे सेकंदाला १०० वेळा चढउतार होणारी, स्पंदनं तयार होतात. त्यासाठीच चार पॅड फुलीच्या आकारात लावायचे असतात, दुखरी जागा बरोबर मधे धरून.

"जरा जास्ती सोडा की, कमीनं काय गुण येतोय?" हे रोज ऐकते. मुंग्या स्पष्ट जाणवाव्यात पण दात आवळावे लागू नयेत, एवढाच करंट योग्य. जास्त सोडल्यानं गुण जास्त येत नाही, स्नायू मात्र आखडतात.

वीस मिनिटांनी पॅड निघतात आणि कंबर हलकी वाटते. हाच क्षण मला हवा असतो. लगेच खाली उतरवून पाठीचे दोन साधे व्यायाम करून घेते. गुडघे वाकवून, पाठ फार न मोडता खाली कसं जायचं ते दाखवते. पेंढ्या उचलताना त्या पोटाशी धरायच्या, आणि एक ओळ संपली की उभं राहून कंबर मागं ताणायची. मुकादम थांबू देईल तेवढं थांबायचं, पण थांबायचंच.

सकाळी १०:००

कासारशिरसीच्या आजी गुडघे धरून आत येतात. एक्स-रे पाहून कुणीतरी सांगितलंय की वंगण संपलं, आता चालू नका. या एका वाक्यानं फार नुकसान होतं. झिजलेल्या गुडघ्याला मांडीच्या स्नायूचा आधार लागतो आणि बसून राहिलं की तोच स्नायू आधी वाळतो.

गुडघ्याच्या दोन्ही बाजूंना टेन्सचे, म्हणजे कातडीवरून नसांना हलका करंट देणाऱ्या यंत्राचे, पॅड लावते. गुडघा उंबऱ्याला आपटला की आपण तो चोळतो आणि जरा बरं वाटतं. टेन्सचं काम त्याच तत्त्वावर चालतं. रोनाल्ड मेल्झॅक आणि पॅट्रिक वॉल यांनी १९६५ मध्ये वेदनेचा द्वार-सिद्धान्त मांडला. स्पर्शाची खबर जाड चेतातंतूंमधून लवकर जाते, वेदनेची बारीक तंतूंमधून सावकाश. मज्जारज्जूत स्पर्शाची खबर आधी पोहोचली तर वेदनेची वाट काही प्रमाणात अडते. सेकंदाला ८० ते १०० स्पंदनांचा हलका करंट हेच साधतो. स्पंदनं २ ते ४ वर आणून जोर वाढवला तर शरीर स्वतःची वेदनाशामक द्रव्यं सोडतं. तो आराम उशिरा येतो, पण जरा टिकतो.

कळ उतरल्यावर आजींच्या गुडघ्याखाली गुंडाळलेला टॉवेल ठेवते. गुडघ्यानं टॉवेल दाबायचा, पाच अंक मोजेपर्यंत धरायचा, सोडायचा. असं दहा वेळा. सुरुवातीला स्नायू दाबच देत नाही. मग मांडीवर दोन पॅड लावून स्टिम्युलेटरनं तो आकुंचन पावेल असा करंट सोडते आणि सांगते, "यंत्रानं ओढलं की तुम्ही पण ओढा." तिसऱ्या-चौथ्या खेपेला गुडघ्यावरची वाटी वर सरकताना आजींना स्वतःला दिसते, आणि चेहरा बदलतो. आपला पाय अजून आपलं ऐकतो हे त्यांना डोळ्यांनी दिसलेलं असतं.

सकाळी ११:३०

एका तरुणाचं तोंड वाकडं झालंय. घरचे म्हणतात, वारं लागलं. मी आधी त्याला भुवया वर करायला सांगते. त्या बाजूचं कपाळ अजिबात हललं नाही तर बहुधा चेहऱ्याची नस सुजली आहे, म्हणजे बेल्स पाल्सी. कपाळ हलतंय आणि फक्त तोंड वाकडं झालंय, तर मेंदूचा झटका असू शकतो आणि तेव्हा एक मिनिटही थांबायचं नाही.

याचं कपाळ हलत नाही. औषध पहिल्या ७२ तासांत सुरू झालं तर फायदा होतो, म्हणून आधी डॉक्टरांकडे चिठ्ठी देते. डोळा मिटत नाही, त्यामुळे दिवसा थेंब आणि रात्री पट्टी. करंट लावा असा घरच्यांचा आग्रह आहे. त्यांना स्पष्ट सांगते की यात दहांतले सात जण उपचाराशिवायही पूर्ण बरे होतात आणि करंटनं नस लवकर भरून येते याला भक्कम पुरावा नाही. आरशासमोर करायचे चेहऱ्याचे व्यायाम मात्र शिकवते.

दुपारी १:००

नाही म्हणण्याची वेळही दिवसातून येतेच. मधुमेह असलेले एक काका तळपायाची आग होते म्हणून आले आहेत. डोळे मिटायला लावून टोकदार आणि बोथट वस्तू आलटून पालटून टेकवते. त्यांना फरक कळत नाही. जिथं संवेदना नाही तिथं करंट किती झाला हे पेशंट सांगू शकत नाही, आणि कातडी भाजते. पायावर पॅड नाहीत. साखर, चप्पल आणि रोज रात्री तळपाय तपासणं, यावर बोलते.

पेसमेकर असलेल्यांना नाही. गरोदर बाईच्या पोटावर, कंबरेवर नाही. कर्करोगाच्या गाठीवर, पायातल्या रक्ताच्या गुठळीवर, गळ्याच्या पुढच्या भागावर नाही. हे नियम भिंतीवर मोठ्या अक्षरांत लावले आहेत.

अंगात धातू असलेल्यांचा प्रश्न वेगळा. ३० सप्टेंबर १९९३च्या पहाटे किल्लारीचा भूकंप झाला. दगड-मातीच्या भिंतींखाली सापडलेली माणसं आमच्या तालुक्यातही आहेत आणि त्यांची जुनी हाडं आता वयाबरोबर बोलू लागली आहेत. "मांडीत रॉड आहे, करंट चालंल का?" असं एक मामा विचारतात. टेन्स चालतो. शॉर्टवेव्ह डायथर्मी, म्हणजे रेडिओलहरींचा खोलवरचा शेक, चालत नाही. तिच्यात धातू तापून आतून भाजू शकतं. रॉड, प्लेट, स्क्रू काहीही असलं तरी आधी सांगायलाच हवं.

दुपारी ३:३०

औराद शहाजानीच्या रस्त्यावरच्या एका घरी जाते. आजोबांच्या अंगावरून वारं गेलं. उजवा हात लुळा, पाऊल लटकतं. बॅटरीवरचा लहान स्टिम्युलेटर बरोबर असतो, म्हणजे लाईट गेली तरी काम अडत नाही.

पक्षाघातात करंटला खरं मोल आहे. पाऊल उचलण्याच्या वेळी करंट देऊन रुग्णाला चालवण्याची पद्धत लिबर्सन यांनी १९६१ मध्ये दाखवली. आज मी मनगट वर उचलणाऱ्या स्नायूंवर पॅड लावते आणि सुनेला शेजारी बसवते. करंट येताच आजोबांनी समोरच्या पेल्याकडे बघायचं आणि हात उघडायचा प्रयत्न करायचा. प्रयत्न नसेल तर नुसता हात उडतो, मेंदू काही शिकत नाही. पॅड कुठं लावायचे त्या जागांवर पेनानं खुणा करून देते.

संध्याकाळी ६:००

शिंपीकाम करणारे, एसटीचे चालक, परीक्षेचा अभ्यास करणारी मुलं. मान अवघडलेली, खांदे चढलेले. एकानं ऑनलाइन टेन्सचं यंत्र मागवलंय. त्यात वाईट काही नाही, वापर नीट हवा. फाटलेल्या कातडीवर पॅड नको, लावून झोपायचं नाही, गाडी चालवताना तर नाहीच, आणि पॅड काढण्याआधी करंट शून्यावर आणायचा.

रात्री ८:००

नोंदवही लिहिताना एक गोष्ट रोज स्वतःला सांगते. ब्रिटनच्या नाइस संस्थेनं २०१६ मध्ये कंबरदुखीसाठी टेन्स आणि आयएफटी देऊ नका असं सांगितलं. जागतिक आरोग्य संघटनेनंही २०२३ मध्ये जुनाट कंबरदुखीसाठी टेन्स नको म्हटलं. मी हे पेशंटपासून लपवत नाही. करंटनं झीज भरत नाही, गादी जागेवर येत नाही. कळ थोडा वेळ मागं हटते, एवढंच. ज्या बाईला उद्या पहाटे पुन्हा रानात उभं राहायचं आहे, तिच्यासाठी तो थोडा वेळ मोलाचा आहे, पण तो हालचालीत खर्च झाला तरच. नुसतं पॅड लावून झोपवायचं आणि दहा दिवसांचे पैसे घ्यायचे, याला उपचार म्हणता येत नाही.

म्हणून करंट घ्यायला कुठंही गेलात तरी तीन प्रश्न विचारा. हा करंट मला कशासाठी? माझ्या कोणत्या आजारामुळे तो टाळायला हवा का? आणि पॅड काढल्यावर मी काय करायचं? तिसऱ्या प्रश्नाला जिथं कागदावर लिहून दिलेलं, करून दाखवलेलं उत्तर मिळेल, तिथंच पुन्हा जा.